गॅलरीतली वर्दळ : फेब्रुवारी ते मे २०२५

२ फेब्रुवारी, रविवार (वसंत पंचमी)

गेल्या उन्हाळ्यात दुधीच्या वेलाला डझनभर मादी फुलं आली. प्रत्येकीखाली बोटाएवढा लवदार दुधी. बघून जीव हरखायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी तो पिवळा पडायचा आणि देठाशी गळायचा. एकही धरला नाही. खत घालून झालं, ताक शिंपडून झालं, आईने तर वेलाची दृष्टही काढली. दुखणं मुळाशी नव्हतंच, हे फार उशिरा लक्षात आलं. नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत नेणारंच कुणी तिसऱ्या मजल्यावर फिरकत नव्हतं.

म्हणून यंदा उलट क्रम. आधी पाहुणे, मग भाजी.

जागा: कोथरूडमधली गॅलरी, ११ फूट बाय ४ फूट, पूर्वेची. ऊन सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत, नंतर नुसता उजेड. कठड्यापासून वरपर्यंत कबुतरांची जाळी. आज हजर असलेले: तुळस, कुंडीतलं लिंबू (चार वर्षांचं, अजून फळ नाही), गुलाब, अबोली, डिसेंबरात लावलेली वांग्याची तीन रोपं, थर्माकोलच्या खोक्यात कोथिंबीर. रंगाच्या २० लिटरच्या डब्यात दुधीच्या रात्रभर भिजवलेल्या दोन बिया टोचल्या.

मोजणीचा नियम लेकीने केला. दर रविवारी सकाळी साडेआठला खुर्ची टाकून १५ मिनिटं बसायचं. फुलावर प्रत्यक्ष बसेल तोच मोजायचा, नुसता घिरट्या घालून गेला तर नाही. नोंद जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, रेघोट्या मारून.

आजची मोजणी: एक घरमाशी. ती धरायची की नाही यावर थोडा वाद झाला. अबोलीवर बसली होती, म्हणून धरली.

९ फेब्रुवारी

नर्सरीत जायला नको होतं. म्हणजे जायचं होतंच, पण रिकाम्या खिशाने. पिटुनियाची सहा रोपं, भरगच्च पाकळ्यांचा झिनिया आणि लाडवाएवढा गोंडा येणारा केशरी झेंडू असं सगळं उचलून आणलं. ‘फुलपाखरं येतील ना?’ विचारल्यावर माळी म्हणाला, ‘साहेब, झुंबड उडेल.’

दुधी उगवला. दोन्ही बिया.

१६ फेब्रुवारी

झुंबड नाही. पिटुनियावर शून्य, भरगच्च झेंडूवर शून्य. बराच वेळ बघत बसल्यावर त्यामागचं कारण ध्यानात आलं. अशा दुहेरी फुलांत पाकळ्यांवर पाकळ्या वाढवत नेलेल्या असतात, आणि कित्येकदा त्या वाढतात पुंकेसरांच्याच जागी. माणसाला ते फूल गुबगुबीत दिसतं. माशीच्या दृष्टीने ते शटर ओढलेलं दुकान. तिला एकेरी फूल हवं: मधोमध पिवळी गादी, भोवती पाकळ्यांची एक रांग, बस.

आणि ज्या तुळशीकडे आम्ही कुणी बघतही नव्हतो तिच्यावर १५ मिनिटांत चार सातेरी माश्या. सातेरी म्हणजे आपली इथलीच मधमाशी, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत पोळी बांधणारी. मंजिरीवर खालून वर चढत जाते, एकही फूल गाळत नाही, शेंड्याला पोचली की शेजारच्या मंजिरीच्या बुडाशी.

अडचण एकच. आई रोज सकाळी आंघोळ झाली की मंजिऱ्या खुडते. देवाला वाहते, आणि त्याने तुळस फोफावते असंही तिचं म्हणणं. ते खरंच आहे. मंजिरी ठेवली तर झाड बी धरतं आणि राठ होत जातं. आज चार माश्या दिसल्या त्या बहुधा रविवारच्या कृपेने. रविवारी आणि द्वादशीला ती तुळशीला हात लावत नाही.

‘आई, थोड्या ठेवशील का?’
‘कुणासाठी?’
‘माश्यांसाठी.’
तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं बोलणं मी उद्यावर टाकलं.

१८ फेब्रुवारी

तह झाला. वृंदावनातली तुळस आईची. मंडईतून आणलेली दोन रोपं कोपऱ्यात, ती माझी. शिवाय सब्जाचं बी पेरलं. तुळशीच्याच घराण्यातला, आणि फुलायला तिच्याहून घाईचा.

२३ फेब्रुवारी

कोथिंबीर तुऱ्यावर आली. एरवी अशी कोथिंबीर उपटून खोकं मोकळं करायचं, हा आमचा रिवाज. यंदा राहू दिली. पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडल्या, आणि लेकीने एकटीने १७ रेघा मारल्या. सातेरी तीन. बाकीच्या सगळ्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या इवल्या माश्या, हवेत एका जागी टांगून ठेवल्यासारख्या स्थिर राहणाऱ्या. आई म्हणाली, ‘गांधीलमाशीची पिल्लं आहेत, चावतील.’ चावत नाहीत. नांगीच नाही त्यांना, मधमाशीचं नुसतं सोंग. पंख मोजले तर दोनच (मधमाशीला चार), म्हणजे जात घरमाशीची.

याच माश्यांच्या अळ्या मावा खातात. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर आठवडाभर मावा बसलाय, त्यामुळे हे आगमन वेळेवर झालं. माळ्याने त्या दिवशी माव्यासाठी एक बाटलीही दिली होती, ‘एकदा मारा, महिनाभर बघायला नको’. लेबल वाचलं: इमिडाक्लोप्रिड. हे औषध झाडाच्या अंगात भिनतं, रसातून थेट मधात आणि परागात उतरतं. युरोपीय संघाने उघड्या शेतात त्याच्या वापरावर २०१८ मध्ये बंदी घातली ती मधमाश्यांपायीच. बाटली न उघडता परत केली. आणलेली रोपं नर्सरीतच त्यात न्हाऊन आली असतील तर मी काय करणार? झिनियाच्या कळ्या महिनाभर खुडायच्या ठरवल्या, एवढंच. माव्यावर रिठ्याचं पाणी, तेही संध्याकाळी माश्या परतल्यावर, आणि फुलं वगळून.

२ मार्च

आजच्या दिवसाला वेगळं पान द्यायला हवं.

वांग्याला फुलं येऊन दोन आठवडे झाले. सातेरी येते, एक फेरी मारते, निघून जाते. का, ते फूल हातात घेतल्यावर कळलं. इतर फुलांत पराग वर मोकळे पडलेले असतात, हात फिरवला की बोटाला लागतात. वांग्याचे पराग पिवळ्या नळ्यांत कोंडलेले आणि नळीच्या टोकाला टाचणीने टोचल्याएवढी भोकं. मीठदाणीच ती. हलवल्याशिवाय काही पडायचं नाही. आणि सातेरीला हलवता येत नाही. वांग्याच्या फुलात मधही नसतो, मग तिने थांबावं कशाला?

आठ वाजून चाळीस मिनिटांनी एक माशी आली. पोटावर निळसर चमकत्या पट्ट्या, छातीवर पिंगट लव. वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, ती खालून त्याला लटकली, पिवळ्या नळ्या पायांत कवळल्या, अंग कमानीसारखं वाकवलं. पंख मिटलेले, आणि तरी आवाज! उडतानाच्या गुणगुणीहून वरच्या पट्टीतला, तुटक: झ्झं… झ्झं… तंबोऱ्याची तार छेडून लगेच बोटाने दाबावी तसा. ती पंख न हलवता छातीचे उडण्याचे स्नायूच थरथरवत होती. प्रत्येक झटक्याला तिच्या पोटावर पिवळी पूड सांडायची. तीन झटके, पुढचं फूल. साताठ सेकंदांत काम संपलं.

लेक रेघ मारायची विसरली. मीही.

टोमॅटोचा प्रकारही हाच. मोठा काळा भुंगा, लाकूड पोखरून राहतो तो, त्यालाही ही विद्या येते. ही निळ्या पट्ट्यांची माशी पोळं वगैरे बांधत नाही. एकटी राहते, मातीत नाहीतर जुन्या भिंतीच्या भुसभुशीत चुन्यात बीळ करते. आमच्या मागच्या गल्लीत पाडायला काढलेला एक जुना बंगला आहे. तिथूनच येत असावी.

९ मार्च

गुलाबाची पानं कुणीतरी कातरतंय. किडीसारखं वेडंवाकडं नाही, अगदी स्वच्छ अर्धगोल, टिकली कापून काढावी तसे. आई कात्री घेऊन फवारणीच्या बाता करत होती. पानं कातरणारी हीसुद्धा माशीच. पानकापी. पानाचे तुकडे पोकळ काडीत नेऊन त्यांच्या पुड्या वळते, एका पुडीत परागाचा गोळा आणि वर एक अंडं. गुलाबाचं काही बिघडत नाही. जुन्या पडद्याच्या बांबूचे वीतभर तुकडे कापले, एक टोक पेराने बंद राहील असे, आणि जुडी करून कठड्याला आडवी बांधली.

जाळीचा प्रश्न सोडवला. माश्या भोकांतून सहज येतात-जातात, पण परवा एक मोठं फुलपाखरू बाहेरून आपटत राहिलं आणि शेवटी नाद सोडून गेलं. वरच्या कोपऱ्यात, लिंबाच्या डोक्यावर, फूटभर जाळी उकलली.

१४ मार्च, धुळवड

त्या फूटभर फटीतून कबुतरं आत. काकडीची आठ रोपं मुळासकट. दुधी तेवढा वाचला, तोवर तो दोरीने वर चढला होता.

१६ मार्च

फटीपुढे सुतळ्या उभ्या सोडल्या, चार-चार बोटांवर. कबुतराला पंख पसरायला जागा मिळत नाही. शिंजीर मात्र काल सुतळीवरच येऊन बसला आणि मग अबोलीवर. चोचीने फुलाच्या नळीला बाहेरून भोक पाडून मध प्यायला, म्हणजे परागीभवनाच्या दृष्टीने नुसती चोरी. त्याला सगळं माफ. ऊन पडलं की त्याचा गळा जांभळा-निळा होतो.

मोजणी ३१. पिटुनिया अजून शून्यावर. आता त्याचं कौतुकच वाटायला लागलंय.

२३ मार्च

शेजारच्या काकूंच्या बोगनवेलीत पोळं लागलं. तळहाताएवढं, एकाच फांदीला लगडलेलं, वर माश्यांचा जिवंत पडदा. फुलोरी. आपल्याकडच्या मधमाश्यांत आकाराने लहान (पोया तेवढी तिच्याहून धाकटी), स्वभावाने भित्री. काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि संध्याकाळपर्यंत ४० मेसेज. ‘आग्या मोहोळ आहे’, ‘लहान मुलं आहेत’, ‘पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगितलंय, रात्री धूर करून जाळतो म्हणाला’.

खाली जाऊन मीटिंगमध्ये बसलो. दोन गोष्टी सांगितल्या. आग्या म्हणजे मोठी, इमारतीच्या सज्जाला हातभर रुंद पोळं लावणारी. तिला सगळ्यांनी घाबरावं हे योग्यच. ही ती नव्हे, आणि हिच्या पोळ्याला कुणी धक्का मारला नाही तर ही आपल्या वाटेला जात नाही. दुसरं, गणेशखिंड रस्त्यावर मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था १९६२ पासून आहे, अशा शहरात आपण पोळं जाळायचं ठरवतोय. दुसऱ्या मुद्द्याला कुणी भीक घातली नाही. पहिल्यावर सेक्रेटरी म्हणाले, ‘जबाबदारी तुमची?’ हो म्हटलं. काकूंनी अट घातली, त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घालायचं. पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

२६ मार्च

काकूंच्या गॅलरीत पाणी घालता घालता अर्धा तास कुठे जातो कळत नाही. पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर बोटभर लांबीचा चिकट पट्टा आहे, डिंकासारखा. मुंग्यांसाठी. एक मुंगी तिथवर आली, मिशांनी चाचपलं, माघारी वळली.

पोळ्याचा माथा फांदीभोवती चपटा, ओट्यासारखा. बाहेरून आलेली माशी तिथे नाचते. सातेरी अंधाऱ्या ढोलीत उभ्या पोळ्यावर नाचते, त्यामुळे तिला सूर्याचा कोन मनात धरून दिशा सांगावी लागते. फुलोरी उघड्यावर, आडव्या ओट्यावर, फुलं जिकडे असतील थेट तिकडे तोंड करून पोट हलवत धावते. आज त्यांची धाव टेकडीकडे होती. आमच्या गॅलरीकडे एकीचंही तोंड नाही. जरा लागलंच मनाला.

३० मार्च, पाडवा

गुढीला बांधायला कडुलिंबाची डहाळी आणली तर ती मोहोरासकट, आणि मोहोरावर एक फुलोरी. ती उडेपर्यंत गुढी थांबली.

दुधीचं पहिलं मादी फूल आज उमलणार अशा हिशोबात सकाळी सहाला रंगाचा ब्रश घेऊन हजर. कळी घट्ट मिटलेली. नऊला तशीच. मोजणीत मन नव्हतं. दुपारी झोपलो. रात्री नऊला कपडे काढायला गॅलरीत गेलो तर अंधारात पांढरंशुभ्र फूल सताड उघडं!

गेल्या वर्षीचं सगळं तिथल्या तिथे उलगडलं. काकडी, भोपळा सकाळचे. दुधी आणि दोडका संध्याकाळचे. मी गेल्या वर्षी शेवटी शेवटी रोज सकाळी कोमेजलेल्या फुलांना ब्रश लावत होतो. पांढरा रंग तरी कशासाठी असतो? अंधारात दिसायला.

१ एप्रिल

साडेसहाला दोन मादी फुलं उमलली. नर फूल लांब, सडपातळ देठाचं, ते खुडलं, पाकळ्या मागे सोलल्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवला. दोन्हींना लाल दोरा बांधला. तिसरं थोड्या उशिराने उमललं, त्याला मुद्दाम हात लावला नाही.

साडेसातच्या सुमारास राखाडी पतंग आला. बसला नाही. फुलापुढे हवेत थांबून लांब सोंड आत घातली, पंख दिसतच नव्हते. नराकडून त्या तिसऱ्या फुलाकडे, तिथून कठड्याबाहेर. टॉर्च लावायची चूक केली नाही.

परत फिरताना कोथिंबिरीच्या वाळक्या काड्यांवर काहीतरी दिसलं. निळ्या पट्ट्यांच्या पाच माश्या एका काडीवर ओळीने, जबड्याने काडी धरून, पाय सोडून, झोपलेल्या. हे नर. त्यांना बीळ नसतं, रात्र अशीच काढतात. ती कोथिंबीर उद्या उपटायची होती.

६ एप्रिल, रामनवमी

लिंबाच्या कोवळ्या पालवीवर चिमणीच्या शिटेसारखे डाग. डाग चालायला लागले. सात अळ्या. शीट समजून पक्ष्याने सोडून द्यावं म्हणून असं रूप. लेकीने नीलवंत येणार असं शाळेत जाहीर करून टाकलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलं ते हेच, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळावर वाढतात. मला आशा कमी.

आईचा जीव चार वर्षं वाढवलेल्या लिंबासाठी तुटतो. ‘सात अळ्या म्हणजे पान राहणार नाही.’ खरं आहे. तरी राहू दिल्या.

दुधी: लाल दोऱ्याचे दोन्ही धरलेत. तिसराही.

१३ एप्रिल

पारा चाळिशीला टेकला. मातीच्या परळात खडे रचून पाणी ठेवलं, खड्यांची डोकी कोरडी राहतील असं, नाहीतर माश्या बुडतात. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. आज पाण्यापेक्षा परळाच्या ओल्या काठावर गर्दी.

बुलबुलाने दोन अळ्या नेल्या. उरलेल्या पाच आता हिरव्यागार, करंगळीएवढ्या. बोट लावलं की डोक्यामागून केशरी दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि कुजक्या लिंबाचा भपकारा. लेक दिवसातून दहा वेळा बोट लावते.

१६ एप्रिल

पहिला दुधी उतरवला. पतंगवाला. वजन ६४० ग्रॅम. हरभऱ्याची डाळ घालून भाजी. लेकीला दुधी आवडत नाही, तरी वाढून घेतला.

२० एप्रिल

सकाळी अळ्या गायब. एक पायऱ्यांच्या रेलिंगवर सापडली, एक सायकलच्या सीटखाली. कोशाला जागा शोधत लांब जातात. सीटखालची शेपटीच्या टोकाने चिकटलेली आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा, वायरमन खांबावर पट्टा टाकून मागे रेलतो तशी. सायकल दहा दिवस बंद. बाकी तीन कुठे गेल्या ते कळलं नाही.

२७ एप्रिल

रेलिंगवरचा कोश झाडणाऱ्या मावशींच्या फडक्यात गेला. चूक माझी, चिठ्ठी लावायला हवी होती.

२९ एप्रिल

सीटखालचा फुटला, सकाळी सातला. पंख ओल्या रुमालासारखे, तासाभरात ताठ. काळ्यावर पिवळे ठिपके, मागच्या पंखावर विटकरी डाग. नीलवंत नाही, लिंबावरचं नेहमीचं. लेक काही बोलली नाही. ते उकललेल्या जाळीतून न जाता सुतळीवर दोनदा बसलं, मग गेलं.

४ मे

मोजणी २२. मार्चपेक्षा कमी. कोथिंबीर संपली, उन्हाने सब्जा भाजला. पिटुनिया मेला, खातं न उघडता.

पंधरा दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती, कुणाला आठवण राहिली नाही. पोळं काल सकाळी रिकामं दिसलं. फुलोरी अशी उठून जाते. माश्या गेल्या, मध नेला, मेणाचं वीतभर पान राहिलं, खाली झुलतंय. ‘आता काढता येईल का ते?’ काकू म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, ‘राहू दे, परत आल्या तर?’ पाणी मात्र मीच घालायचं आहे.

लिंबाला वरच्या बाजूला एकही पान नाही. बुडाशी दोन नवे फुटवे. आईने काल मंजिऱ्या खुडताना निम्म्या तशाच ठेवल्या. विचारलं तर म्हणाली, ‘हात पुरला नाही.’